डावखुऱ्या फिरकीची जागा

सर्वोत्तम खेळाडूंच्या याद्या करण्याचा छंद आपल्या महाविद्यालयात साथीच्या रोगासारखा पसरलेला आहे. कॅन्टीनमध्ये चहा थंड होतो, पण वाद थंड होत नाही. काहीजणांची मजल अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलपर्यंत गेलेली आहे. तिथे जागा पाचच, त्यामुळे यादी सुटसुटीत होते. चेंडू खेळवणारा म्हणून मॅजिक जॉन्सन, त्याच्या शेजारी मायकेल जॉर्डन, मधल्या जागेवर करीम अब्दुल-जब्बार की आणखी कोणी, एवढाच काय तो प्रश्न. आपल्याकडे क्रिकेटच्या अकरा जागा. सलामीला गावसकर, यष्टीमागे धोनी, इथपर्यंत सर्वांचे एकमत असते. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची जागा आली की मात्र आवाज चढू लागतात. कोणी विनू मंकड म्हणतो (४४ कसोटी सामन्यांत १६२ बळी), कोणी बिशनसिंग बेदी (६७ सामन्यांत २६६ बळी), आणि आजची पिढी अर्थातच तीनशेहून अधिक बळी घेणाऱ्या रवींद्र जडेजाच्या बाजूने उभी राहते.

या वादात एक नाव कधीच कोणी घेत नाही. ते नाव म्हणजे पालवणकर बाळू. त्यांनी एकही कसोटी सामना खेळला नाही. खेळणार तरी कसा? भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर झाला, तेव्हा बाळूंनी पंचावन्नी ओलांडली होती. म्हणून कसोटीच्या आकड्यांवर यादी करणाऱ्याला ते सापडत नाहीत. पण या जागेचा इतिहासच त्यांच्यापासून सुरू होतो, असे माझे मत आहे. ते वाचकांनी मान्य करावे असा आग्रह नाही; त्यांचे चरित्र मात्र ऐकून घ्यावे.

बाळूंचा जन्म १८७० च्या दशकाच्या मध्यात धारवाडला झाला. कोकणातल्या पालवण या गावावरून घराण्याला आडनाव मिळाले. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या परिसरात गेले. गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंनी बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊही याच वाटेने आले. एका घरातून चार क्रिकेटपटू निघाले, हे आजही नवलाचेच वाटेल.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात. पगार महिना तीन रुपये, काम मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये मिळू लागले. जाळी बांधावी, खेळपट्टी आखावी आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकावेत. आपण ‘व्यावसायिक खेळाडू’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कोट्यवधींचे करार येतात. या देशात त्या शब्दाचा पहिला अर्थ हा असा होता: चार रुपये पगार आणि हातात रोलर. (आपल्याकडे द्रोणागिरीच्या मोकळ्या भूखंडांवर टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात, तेव्हा पहाटे उठून खेळपट्टीवर पाणी मारणाऱ्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक असते? करंडकाबरोबरच्या छायाचित्रात तो नसतोच.)

क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते, फार चांगले फलंदाज. ते इतरांच्या आधी येऊन एकट्या बाळूंचे चेंडू खेळत आणि बाद झाले की दर वेळी आठ आणे बक्षीस देत, अशी कथा सांगतात. कथेत थोडे मीठमसाला असेलही. पण तासन्‌तास चेंडू टाकून बाळूंच्या हाताला जे वळण लागले, ते त्या जाळीतच. एक गोष्ट मात्र तिथे त्यांना कधी मिळाली नाही: बॅट. फलंदाजी साहेबांनी करायची आणि गोलंदाजी नोकराने, अशी ती विभागणी होती. मैदानावरच्या ‘जागा’ गुणांवरून ठरतात असे समजून आपण याद्या करतो. बाळूंची जागा आधी जन्माने ठरवली आणि मग तिच्यात त्यांनी गुण ओतले.

या गोलंदाजाची कीर्ती शहरात पोहोचली तेव्हा पुण्याच्या हिंदू संघापुढे मोठा पेच पडला. साहेबांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, आणि हा तर अस्पृश्य! शेवटी जिंकण्याची इच्छा सोवळ्यापेक्षा बलवत्तर ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर सर्वजण तोच चेंडू हाताळत, त्याने कोणी बाटत नसे. चहापानाची वेळ झाली की मात्र इतर खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे, बसायची जागाही वेगळी. मला या प्रकारातला ढोंगीपणा जितका बोचतो, त्याहून अधिक नवल बाळूंच्या संयमाचे वाटते. चहा बाहेर पिऊन झाल्यावर तोच माणूस पुन्हा आत जाऊन त्याच सहकाऱ्यांसाठी बळी घेई. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याने तर त्यांची फिरकी बोथट व्हावी म्हणून आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी गुळगुळीत केली होती, असे म्हणतात. तिथेही बाळूंनी सात बळी टिपले. रोलरची विद्या त्यांना कोण शिकवणार! न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी मग जाहीरपणे विचारले की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे?

पुण्यात प्लेगची साथ आली आणि १८९६ च्या सुमारास बाळू मुंबईला आले. बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात जागाही मिळाली, अर्थात इथेही थोडी खळखळ झाल्यावरच. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा जो सामना झाला, तो हिंदूंनी १०९ धावांनी जिंकला. वंगभंगाच्या चळवळीने देश तापलेला असताना साहेबांचा त्यांच्याच खेळात पराभव झाला, म्हणून त्या विजयाचा गाजावाजा केवढा झाला असेल याची कल्पना करावी. त्या संघात बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ होते.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सांगण्यासारखी नाही. तेवीसपैकी पंधरा सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत आठ गडी बाद केले. वय पस्तिशीचे, दुसऱ्या बाजूने बेताचा आधार, परक्या खेळपट्ट्या. समकालीनांनी त्यांची तुलना विल्फ्रेड ऱ्होड्सशी केली, ती उगाच नव्हे. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आणि सरासरी १५.२१, हा त्यांचा एकूण हिशेब. त्या काळच्या उघड्या खेळपट्ट्या गोलंदाजाला मदत करत, हे मान्य केले पाहिजे. पण बहुतेक मोठे सामने त्यांनी तिशी-चाळिशीत खेळले, हेही जमेस धरायला हवे.

ते इंग्लंडहून परतले तेव्हा मुंबईतल्या दलित समाजाने त्यांचा गौरव केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी मोठा आदर होता.

आता अशा जागेविषयी, जी आपल्या याद्यांत सहसा नसते: कर्णधाराची. १९१० पासून दरवर्षी बाळूंचे नाव पुढे येई आणि दरवर्षी मागे पडे. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनीच हा मान बाळूंचा होता असे मोकळेपणाने सांगितले, ही त्यांची थोरवी. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत तर बाळूंना आधी वगळण्यातच आले. पै आजारी पडले म्हणून नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन काढून संघ सोडला. बराच गदारोळ झाला. पारश्यांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै परतले, भाऊही परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. पै मैदानाबाहेर गेले तेवढ्या वेळापुरते का होईना, बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. तेवढेच. पुढे १९२३ साली धाकट्या विठ्ठलला कर्णधार केले गेले, त्याने युरोपियनांना हरवले आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवले.

खेळ संपल्यावर बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. ते विभक्त मतदारसंघांच्या विरुद्ध होते, म्हणजे आंबेडकरांच्या मागणीच्या विरुद्ध. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. मला ही लढत दुःखद वाटते. ज्यांनी एकमेकांचा मान राखावा असे दोन पुरुष, आणि त्यांना समोरासमोर उभे करणारे भलतेच. पण सव्वाअकरा हजार मतदारांनी त्या म्हाताऱ्या गोलंदाजाला विसरलेले नव्हते, हेही त्या आकड्यात दिसते.

त्यानंतर मात्र विस्मरण सुरू झाले. २००२ साली रामचंद्र गुहा यांच्या ग्रंथामुळे हे नाव पुन्हा चर्चेत आले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, त्या सामन्यात विनू मंकडने डावखुऱ्या फिरकीवर इंग्लंडचे बारा बळी घेतले. बाळू तेव्हा हयात होते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.