मार्जरीचे ऋण

१४ नोव्हेंबर हा दिवस भारतात पंडित नेहरूंच्या जयंतीनिमित्त बालदिन म्हणून साजरा होतो. जगभरात मात्र तो १९९१ पासून जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. कारण इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या सर फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म १८९१ साली याच दिवशी झाला. या शोधाने लक्षावधी माणसांना जीवदान दिले, हे सर्वश्रुत आहे. पण टोरांटोच्या प्रयोगशाळेत हे औषध माणसाच्या आधी श्वानांना टोचले गेले आणि मधुमेहावर मात करीत दिवसामागून दिवस जगलेले तिथले पहिले रुग्णही श्वानच होते, याची आठवण क्वचितच काढली जाते. आज घरातल्या मधुमेही मांजराला दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचणाऱ्या माणसाच्या हातातली सुई थेट त्या प्रयोगशाळेशी नाते सांगते.

शेतकऱ्याचा मुलगा

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ॲलिस्टन नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या एका शेतकरी कुटुंबात, पाच भावंडांतील शेंडेफळ म्हणून फ्रेडरिक जन्मला. गुरेढोरे, घोडे आणि कुत्री यांच्या सहवासात त्याचे बालपण गेले. अभ्यासात तो चमकणारा नव्हता. टोरांटो येथे कला शाखेच्या पहिल्याच वर्षी त्याला अपयश आले. मात्र १९१२ मध्ये त्याने वैद्यकीय शिक्षणाची वाट धरली आणि पहिल्या महायुद्धामुळे घाईने उरकलेला तो अभ्यासक्रम १९१६ च्या डिसेंबरात पूर्ण केला. पदवी हाती पडताच तो सैन्यात दाखल झाला. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधील काम्ब्रे येथील लढाईत तोफगोळ्याच्या तुकड्याने त्याचा उजवा हात जखमी झाला. युद्धातील शौर्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हे पदक मिळाले.

युद्धानंतर बँटिंग यांनी शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण पूर्ण केले. टोरांटोत कायमची जागा न मिळाल्याने १९२० च्या उन्हाळ्यात त्यांनी ऑन्टॅरिओतीलच लंडन या शहरात दवाखाना थाटला. रुग्ण फिरकेनात. पहिल्या महिन्याची कमाई अवघी चार डॉलर होती. पोटापाण्यासाठी त्यांनी तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अर्धवेळ शिकवण्याचे काम पत्करले. एका व्याख्यानाच्या तयारीसाठी ३१ ऑक्टोबर १९२० च्या रात्री स्वादुपिंडाविषयीचा एक लेख वाचताना त्यांच्या मनात एक कल्पना चमकली आणि पहाटे दोनच्या सुमारास त्यांनी ती टिपून ठेवली. त्या टिपणात मधुमेह या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंगही चुकलेले होते. मधुमेहावर संशोधन करण्याची कोणतीही पूर्वतयारी नसलेला हा २८ वर्षांचा शल्यविशारद ती कल्पना घेऊन टोरांटो विद्यापीठात प्रा. जॉन मॅक्लिऑड यांच्या दारात उभा राहिला.

ज्या घरात मधुमेह, त्या घरात उपासमार

त्या काळी मधुमेही मुलाच्या आईवडिलांपुढे दोनच पर्याय असत. मुलाला पोटभर जेवू घालून मृत्यू लवकर ओढवून घ्यायचा, किंवा त्याची उपासमार करून तो काही महिने लांबवायचा. रोगाचे मूळ स्वादुपिंडात आहे, हे १८८९ मध्येच कळले होते. स्ट्रासबर्ग येथे फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी एका श्वानाचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला तीव्र मधुमेह जडला. स्वादुपिंडातील तो जीवनदायी रस वेगळा काढण्याचे प्रयत्न त्यानंतर अनेकांनी केले. रुमानियातील निकोलाय पाउलेस्कू यांनी तर १९२१ मध्येच श्वानांवरील यशस्वी प्रयोग प्रसिद्ध केले होते. पण रुग्णाला सुरक्षितपणे देता येईल असा शुद्ध अर्क कोणाच्याच हाती आला नव्हता.

पाचक रस वाहून नेणारी स्वादुपिंडाची नलिका बांधून टाकली, तर पाचक रस तयार करणाऱ्या पेशी झिजतील आणि उरलेल्या भागातून हवा तो अर्क मिळेल, अशी बँटिंग यांची कल्पना होती. मॅक्लिऑड यांनी साशंक मनानेच एक प्रयोगशाळा, दहा श्वान आणि चार्ल्स बेस्ट हा तरुण सहायक दिला. बेस्ट आणि त्याचा एक सहाध्यायी या दोघांपैकी आधी कोणी काम करायचे, याचा निर्णय नाणे उडवून झाला होता. १७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले. त्या उन्हाळ्यात दोघांनाही पगार नव्हता.

टोरांटोतील उन्हाळा

या प्रयोगांचा आरंभ गौरवास्पद नव्हता. उकाडा, अस्वच्छ जागा, शस्त्रक्रियेतील चुका आणि जंतुसंसर्ग यांमुळे पहिल्या दोन आठवड्यांतच दहापैकी सात श्वान दगावले. मग रस्त्यावरून श्वान विकत आणण्यात आले. एक ते तीन डॉलर मोजायचे आणि जनावर कुठून आणले हे विचारायचे नाही, असा तो व्यवहार होता. ज्यांना धनी नाही, ज्यांच्या मागे कोणी विचारपूस करणार नाही, अशा बेवारस जिवांच्या बळावर हे संशोधन पुढे सरकले, हे नाकारता येत नाही.

मात्र त्याच खोलीत एक वेगळी गोष्टही आकार घेत होती. स्वादुपिंड काढलेल्या श्वानाचे वजन करणे, त्याने किती पाणी प्यायले आणि लघवी किती झाली ते नोंदवणे, रक्तातील साखर मोजणे, अर्क टोचणे आणि पुन्हा मोजणे, हा क्रम अहोरात्र चाले. ३० जुलै १९२१ रोजी ४१० क्रमांकाच्या श्वानाला अर्क टोचल्यावर त्याची रक्तशर्करा खाली आली. ११ ऑगस्टला दोन श्वानांची स्वादुपिंडे काढण्यात आली. अर्क न दिलेला श्वान चार दिवसांत मरण पावला. अर्क मिळालेला ९२ क्रमांकाचा पिवळसर कोली जातीचा श्वान उठून चालू लागला आणि सुमारे २० दिवस जगला. बँटिंग यांचा त्याच्यावर विशेष जीव जडला होता. त्याचा मृत्यू त्यांच्या मनाला फार लागला.

मॅक्लिऑड सुटीवरून परतले तेव्हा बँटिंग यांनी त्यांच्यापुढे काही मागण्या ठेवल्या. पगार, कामासाठी खोली, शस्त्रक्रियेच्या जागेच्या जमिनीची दुरुस्ती आणि श्वानांची देखभाल करायला एक मुलगा. यावरून दोघांत मोठा खटका उडाला. आजारी जनावराची शुश्रूषा हे वेळ खाणारे, स्वतंत्र काम आहे आणि ते नीट झाले नाही तर सगळी मेहनत वाया जाते, हे बँटिंग यांना अनुभवाने कळले होते. त्या मागण्यांतील शेवटची मागणी म्हणूनच अर्थपूर्ण ठरते.

गोठ्यातले शहाणपण

नलिका बांधून आठवडेच्या आठवडे वाट पाहणे परवडणारे नव्हते. इथे बँटिंग यांच्या उपयोगी पडले ते गोठ्यातले शहाणपण. कत्तलीपूर्वी गायी अधिक पुष्ट व्हाव्यात म्हणून शेतकरी त्या गाभण करून पाठवतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. गर्भातील वासरांच्या स्वादुपिंडात पाचक रस जवळजवळ नसतो. म्हणून त्यांनी कत्तलखाना गाठला आणि तिथून आणलेल्या स्वादुपिंडांचा अर्क कामी आला. डिसेंबरात तर मद्यार्काच्या साहाय्याने मोठ्या गुरांच्या स्वादुपिंडातूनही अर्क काढता येऊ लागला. ज्या कल्पनेसाठी एवढे श्वान खर्ची पडले, ती नलिका बांधण्याची कल्पना अनावश्यक ठरली. विज्ञानात असे घडते. पण त्याचे मोल प्रत्येक वेळी कोणीतरी चुकवलेले असते.

याच काळात ३३ क्रमांकाची एक श्वानी सर्वांची लाडकी झाली. तिचे नाव मार्जरी. १८ नोव्हेंबर १९२१ रोजी तिचे स्वादुपिंड काढण्यात आले आणि त्यानंतर केवळ इंजेक्शनांच्या आधारे ती सुमारे ७० दिवस जगली. २७ जानेवारी १९२२ रोजी प्रयोगाचा भाग म्हणूनच तिचे आयुष्य संपवण्यात आले. शवविच्छेदनात स्वादुपिंडाचा एक बारीकसा अंश तिच्या शरीरात राहून गेल्याचे आढळल्याने तिच्या दीर्घायुष्याविषयी शास्त्रीय शंका शिल्लक राहिली. तरीही मधुमेही जीव रोजच्या सुईवर कित्येक आठवडे जगवता येईल, हा विश्वास मार्जरीनेच दिला.

श्वानांकडून मुलांकडे

११ जानेवारी १९२२ रोजी, म्हणजे मार्जरी जिवंत असतानाच, टोरांटोतील रुग्णालयात १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला अर्क टोचण्यात आला. तो अशुद्ध असल्याने गुण यथातथाच आला आणि टोचलेल्या जागी गळू झाले. जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी अर्काचे शुद्धीकरण केले आणि २३ जानेवारीपासून मुलाच्या प्रकृतीत झपाट्याने सुधारणा झाली. उपासमारीने हाडांचा सापळा झालेला तो मुलगा आणखी १३ वर्षे जगला. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या एलिझाबेथ ह्युजेस ऑगस्ट १९२२ मध्ये बँटिंग यांच्याकडे आली, तेव्हा तिचे वजन अवघे ४५ पौंड होते. तिने १९८१ पर्यंतचे दीर्घ आयुष्य अनुभवले.

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना जाहीर झाले. बेस्ट यांना वगळल्याने संतापलेल्या बँटिंग यांनी आपल्या रकमेतील अर्धा वाटा त्यांना दिला, तर मॅक्लिऑड यांनी कॉलिप यांना. वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणारे सर्वांत तरुण मानकरी हा ३२ व्या वर्षी मिळालेला मान आजही बँटिंग यांच्याच नावावर आहे.

कीर्ती मात्र त्यांना फारशी मानवली नाही. स्वभाव तापट होता आणि सहकाऱ्यांशी मतभेद कायम राहिले. पहिला विवाह १९३२ मध्ये घटस्फोटात संपला. विसावा मिळे तो चित्रकलेत. ए. वाय. जॅक्सन या नामवंत चित्रकाराबरोबर ते थेट उत्तर ध्रुवीय प्रदेशापर्यंत चित्रे काढत हिंडले. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिकांच्या आरोग्यविषयक संशोधनात गुंतले. त्याच कामासाठी इंग्लंडला निघाले असता फेब्रुवारी १९४१ मध्ये न्यूफाउंडलंड येथे त्यांचे विमान कोसळले आणि वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुन्हा प्राण्यांकडे

प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणाऱ्यांनी बँटिंग यांच्यावर टीका केली. मधुमेही मुलांच्या पालकांनी त्यांना देवदूत मानले. दोन्ही बाजूंना आपापले सत्य होते आणि एकाने दुसरे पुसले जात नाही. या हिशेबात एक नोंद मात्र पुढच्या काळाने केली. श्वानांच्या प्राणांवर मिळालेले औषध प्राण्यांच्याही वाट्याला आले.

मांजरांमधील मधुमेह बराचसा माणसांच्या टाइप २ मधुमेहासारखा असतो. निर्बीजीकरण झालेल्या, लठ्ठ आणि मध्यमवयीन बोक्यांमध्ये तो अधिक दिसतो. मांजर फार पाणी पिऊ लागते, वारंवार लघवी करते, भरपूर खाऊनही वाळत जाते आणि कधी मागच्या पायांचे तळवे टेकवून चालू लागते. इन्सुलिन साधारणतः दर १२ तासांनी द्यावे लागते. उपचार लवकर सुरू झाले आणि आहारातील पिष्टमय पदार्थ कमी केले, तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे बंदही करता येते. श्वानांच्या बाबतीत मात्र ते बहुधा आयुष्यभर चालू ठेवावे लागते. निसर्गाची एक गंमत अशी की, श्वान आणि डुक्कर यांच्या इन्सुलिनची रासायनिक रचना तंतोतंत सारखी आहे, तर मांजराचे इन्सुलिन गायीच्या इन्सुलिनपेक्षा केवळ एका अमिनो आम्लाने वेगळे आहे. १९३६ मध्ये टोरांटोतच जस्त मिसळून सिद्ध झालेले प्रोटामाइन झिंक हे दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन नव्या रूपात आजही मांजरांसाठी वापरले जाते.

ज्या घरात असे मांजर आहे आणि उपाशी, मारहाण झालेल्या भटक्या श्वानांनाही तात्पुरता आसरा दिला जातो, तिथे ही शुश्रूषा कसोटीची ठरते. भुंकण्याने बिथरलेल्या मांजराची रक्तशर्करा केवळ ताणामुळे वाढते. त्यामुळे त्याला दाराआडची शांत जागा लागते. अनेक दिवस उपाशी राहिलेला श्वान दिसेल त्या ताटलीवर तुटून पडतो. म्हणून जेवणे वेगळी ठेवावी लागतात, कारण मांजराने किती खाल्ले हे कळल्याशिवाय सुई द्यायची नसते. त्या श्वानालाही एकदम पोटभर घालणे घातक असते. अन्न थोडे थोडे वाढवावे लागते. मांजर लडखडू लागले, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळून तातडीने पशुवैद्य गाठावा लागतो. भारतात इन्सुलिन ४० आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते. बाटली एका प्रकारची आणि सिरिंज दुसऱ्या प्रकारची झाली, तर मात्रा जिवावर बेतू शकते.

वजन करायचे, पाणी मोजायचे, कानाच्या कडेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासायची, सुई द्यायची आणि वही भरायची. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोतील त्या खोलीत हेच चालले होते. फरक एवढाच की, तिथल्या नोंदींच्या अखेरीस शवविच्छेदन ठरलेले असे. इथे उद्याची वेळ लिहिलेली असते. रस्त्यावरून आणलेल्या श्वानांच्या बळावर हे औषध जन्माला आले. आज रस्त्यावरून उचलून आणलेल्या श्वानासाठी कोणी घराचे दार उघडते आणि त्याच घरात एका मांजराला वेळेवर सुई मिळते, तेव्हा मार्जरीच्या ऋणाचा एक लहानसा हप्ता फेडला जातो.