सीपीआर जगासमोर आणणारा माणूस डॉक्टर नव्हता, चक्क इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता

शनिवार-रविवार आला की पुण्याच्या गाड्या भोर आणि वेल्ह्याकडे वळतात. कुणाला राजगड चढायचा असतो, कुणाला तोरणा, तर कुणाला वरंधा घाट बघायचा असतो. आता विचार करा, गडाच्या वाटेवर एखाद्याचं हृदय अचानक बंद पडलं तर? मेंदूला रक्त मिळालं नाही की चार ते सहा मिनिटांत त्याचं नुकसान सुरू होतं. तेवढ्या वेळात १०८ ची ॲम्ब्युलन्स पायथ्याला येणंही अवघड. मग हातात उरतो तो सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. ही पद्धत जगासमोर आणणाऱ्या टीमच्या प्रमुखाचं नाव होतं विल्यम कोवेनहोवन.

कोवेनहोवन यांचा जन्म १८८६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाला. जर्मनीत डॉक्टरेट करून १९१४ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवायला लागले. तेव्हा अमेरिकेत गावोगावी वीज पोचत होती आणि खांबावर काम करणारे लाइनमन शॉक लागून मरत होते. वीज कंपन्यांनी यावर उपाय शोधण्यासाठी संशोधनाला पैसे दिले आणि १९२० च्या दशकात कोवेनहोवन या कामात उतरले.

शॉक लागल्यावर हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे जात नाही. कोवेनहोवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की ठरावीक जोराचा दुसरा शॉक दिला, तर हीच थरथर थांबते आणि ठोके परत सुरू होऊ शकतात. डिफिब्रिलेटर चालतो तो याच तत्त्वावर. १९५७ पर्यंत त्यांच्या टीमने छाती न उघडता बाहेरून शॉक देणारं मशीन तयार केलं. पण ते इतकं जड होतं की चाकांवरून ढकलत न्यावं लागे. मशीन येईपर्यंत पेशंट जगवायचा कसा?

याचं उत्तर सापडलं ते योगायोगाने. १९५८ मध्ये त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं की कुत्र्याच्या छातीवर इलेक्ट्रोड दाबले की शॉक देण्याआधीच रक्तदाब थोडा वाढतो. म्हणजे नुसत्या दाबानेही रक्त फिरत होतं. सर्जन जेम्स ज्यूड यांना सोबत घेऊन टीमने किती जोरात आणि किती वेगाने दाबायचं ते ठरवलं. १९६० मध्ये त्यांचा निबंध छापून आला. हॉस्पिटलमधल्या पहिल्या २० पेशंटपैकी १४ जण वाचले होते. छाती दाबण्याचे तुरळक प्रयत्न आधीही झाले होते, पण जगाने हे मनावर घेतलं ते या निबंधानंतर.

कोवेनहोवन तेव्हा सत्तरी पार केलेले, डीनपदावरून निवृत्त झालेले होते. १९६९ मध्ये हॉपकिन्सने या इंजिनिअरला डॉक्टर ऑफ मेडिसिनची मानद पदवी दिली. १९७३ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९७५ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचं ते अवजड मशीन आज एईडी नावाने छोट्या बॅगेत मावतं. पॅड चिकटवले की ते हृदयाची लय तपासतं, पुढे काय करायचं ते बोलून सांगतं आणि गरज असेल तरच शॉक देतं. पण ते येईपर्यंत कुणीतरी छाती दाबावीच लागते. मदत मिळाली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने दोन्ही तळहात एकावर एक ठेवून छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करावी. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जायला हवी आणि वेग मिनिटाला १०० ते १२० हवा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शॉक लागलेला माणूस असेल, तर आधी वीज बंद करायची आणि मगच हात लावायचा.

वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, किंवा भोरच्या डोंगरवाडीत डॉक्टरच्या आधी पोचणार तो वायरमन, एसटीचा कंडक्टर, गडावरचा गाईड नाहीतर शाळेतला मास्तर. यांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मिळालं आणि एसटी स्टँडवर, गडाच्या पायथ्याच्या गावांत एकेक एईडी आलं, तर त्या पहिल्या काही मिनिटांत कुणीतरी जीव वाचवू शकेल.