पॅट्रिस लुमुम्बा : मतपेटीने दिले, बंदुकीने हिरावले

बहुमत मिळाले की सत्ता मिळाली, असे आपण गृहीत धरतो. हा समज किती भाबडा आहे, हे समजून घ्यायचे असेल तर मध्य आफ्रिकेतील काँगोचे पहिले लोकनियुक्त पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांचे जीवन अभ्यासले पाहिजे.

1885 पासून काँगो ही बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी जहागीर होती. रबर जमविण्यासाठी माणसांचे हात तोडणारी ती राजवट होती. 1908 साली हा मुलूख बेल्जियम सरकारकडे गेला. मालक बदलला, गुलामगिरी राहिली. अशा देशात कासाई प्रांतातील ओनालुआ या खेड्यात 2 जुलै 1925 रोजी लुमुम्बांचा जन्म झाला. मिशनच्या शाळांत शिकून ते स्टॅनलेव्हिल (आजचे किसांगानी) येथे टपाल खात्यात कारकून झाले. शिकलेल्या काळ्या माणसाला सुसंस्कृत ठरविणारे एक कार्ड गोरे सरकार देत असे. त्यासाठी अधिकारी घरात शिरून राहणी तपासत. लुमुम्बांचा अर्ज आधी फेटाळला गेला, 1954 साली कार्ड मिळाले. पण माणूस असल्याचा दाखला मालकाकडून घ्यावा लागतो, तिथे समता कशी असेल? पुढे टपाल खात्याच्या पैशांच्या अपहारावरून त्यांनी तुरुंगवासही भोगला. हा डाग लपविण्याचे कारण नाही. त्यांचे खरे कार्य त्यानंतर सुरू झाले.

ऑक्टोबर 1958 मध्ये त्यांनी काँगोली राष्ट्रीय चळवळ हा पक्ष उभा केला. इतर बहुतेक पक्ष एकेका जमातीचे वा प्रांताचे होते. लुमुम्बा मात्र अखंड देशाच्या नावाने बोलत होते. 1959 च्या स्टॅनलेव्हिल दंगलीनंतर त्यांना अटक झाली. परंतु ब्रुसेल्सच्या गोलमेज परिषदेत काँगोच्या प्रतिनिधींनी त्यांच्याशिवाय बोलणी करण्यास नकार दिला, आणि हा कैदी तुरुंगातून थेट परिषदेत पोहोचला. 30 जून 1960 ही स्वातंत्र्याची तारीख तिथेच ठरली.

मे 1960 मध्ये संसदीय निवडणूक झाली. मत फक्त पुरुषांना होते, ही तिची मोठी उणीव. 137 पैकी 33 जागा लुमुम्बांच्या पक्षाने जिंकल्या. दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला 15 मिळाल्या. मित्रपक्षांना घेऊन त्यांनी सरकार बनविले आणि 74 मतांनी विश्वास मिळविला. कासावुबू राष्ट्राध्यक्ष झाले.

स्वातंत्र्य सोहळ्यात बेल्जियमच्या राजाने लिओपोल्डचे गुणगान केले. तेव्हा लुमुम्बांनी उठून मारहाण, लुबाडलेल्या जमिनी आणि काळ्या माणसाला होणारी अरेतुरेची भाषा, यांचा हिशेब सर्वांसमक्ष मांडला. तो अपमान पचविलेल्यांनाच या भाषणाचे मोल कळेल.

पण सत्तेच्या चाव्या कुठे होत्या? सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता. देशात पदवीधर तीसही नव्हते. खाणी बेल्जियन कंपनीच्या ताब्यात होत्या. 5 जुलैला सैनिकांनी बंड केले. 11 जुलैला तांब्याने समृद्ध कटांगा प्रांत बेल्जियमच्या पाठबळावर फुटून निघाला.

5 सप्टेंबरला कासावुबूंनी लुमुम्बांना बडतर्फ केले. दोन मंत्र्यांच्या सह्या घेऊन कायद्याचा कागद रंगविला गेला. तो कायदाही बेल्जियमच्या संसदेने केलेला! परंतु काँगोच्या दोन्ही सभागृहांनी ही बडतर्फी मानली नाही. संसदीय पद्धतीत यापेक्षा स्पष्ट कौल कोणता? उत्तर बंदुकीने दिले. 14 सप्टेंबरला लष्करप्रमुख मोबुटू याने सत्ता हाती घेतली. लुमुम्बांच्याच सरकारने त्याला मोठे केले होते.

नजरकैदेतून निसटलेल्या लुमुम्बांना डिसेंबरमध्ये पकडण्यात आले. 17 जानेवारी 1961 रोजी त्यांना कटांगात शत्रूच्या हवाली केले गेले, आणि त्याच रात्री एमपोलो व ओकिटो या सहकाऱ्यांसह गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघे 35. प्रेते आम्लात विरघळविली गेली. बेल्जियमने 2002 साली माफी मागितली, आणि 2022 साली अवशेष म्हणून उरलेला एक दात कुटुंबाला परत केला.

लुमुम्बा निवडणूक हरले नव्हते, संसदेतही हरले नव्हते. सैन्य, खजिना आणि प्रशासन लोकांच्या हाती येण्याआधी फक्त मत हाती आले, म्हणून त्यांचा बळी गेला. मतपेटी हे मुक्तीचे दार आहे. पण दारातून आत गेल्यावर घराचा ताबा कोणाकडे आहे, हे प्रत्येक जागृत मतदाराने विचारलेच पाहिजे.