पाऱ्याच्या थेंबाने घडविलेला शास्त्रज्ञ

चैत्र-वैशाखात मुंबई-गोवा महामार्गावरून, खारेपाटण ओलांडून, हापूसच्या पेट्या मुंबईकडे जातात. त्या फळात कीटकनाशकाचा अंश उरला आहे का, हे रंगावरून वा वासावरून कळत नाही. असा अदृश्य अंश विजेच्या साहाय्याने ओळखण्याची वाट ज्यांनी दाखविली, ते रसायनशास्त्रज्ञ म्हणजे यारोस्लाव्ह हेयरोव्हस्की.

त्यांचा जन्म २० डिसेंबर १८९० रोजी प्राग येथे झाला. वडील रोमन कायद्याचे प्राध्यापक होते. प्रागनंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पहिल्या महायुद्धात त्यांना लष्करी रुग्णालयात काम करावे लागले. १९१८ मध्ये डॉक्टरेटच्या परीक्षेत प्रा. कुचेरा यांनी पाऱ्याच्या थेंबाविषयी प्रश्न विचारला आणि त्या एका प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

बारीक काचनळीतून पाऱ्याचे थेंब द्रावणात पडू द्यायचे आणि विजेचा दाब हळूहळू वाढवायचा. प्रत्येक नव्या थेंबाचा पृष्ठभाग स्वच्छ असतो. ठरावीक दाबाला द्रावणातील पदार्थ इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि विद्युतप्रवाह एकदम वाढतो. दाबावरून पदार्थ कोणता ते कळते. प्रवाहाच्या वाढीवरून तो किती आहे ते कळते. फेब्रुवारी १९२२ मध्ये त्यांना हे उमगले. १९२४ मध्ये जपानी सहकारी मासुझो शिकाता यांच्यासह त्यांनी आलेख आपोआप टिपणारा ‘पोलॅरोग्राफ’ तयार केला. तासन्‌तासांचे मोजमाप काही मिनिटांवर आले. १९५९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मार्च १९६७ रोजी प्राग येथेच त्यांचे निधन झाले.

पुढे या पद्धतीने पॅराथिऑनसारखी कीटकनाशकेही मोजली गेली. तथापि विष शोधणारा पारा स्वतःच विषारी! म्हणून आज संशोधक त्याच्या जागी नारळाच्या करवंटीसारख्या शेतीतील टाकाऊ वस्तूंपासून केलेला कार्बन आणि वनस्पतींच्या अर्काने बनविलेले धातूंचे अतिसूक्ष्म कण वापरून पाहत आहेत. मूळ तत्त्व मात्र हेयरोव्हस्की यांचेच आहे.

अधिकृत तपासणी अद्याप क्रोमॅटोग्राफीच्या महागड्या यंत्रांवरच होते. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि अहवालाची वाट पाहावी लागते. आंबा मात्र पिकायचा थांबत नाही. बागेतच निर्णय देणारे स्वस्त व निर्धोक उपकरण बागायतदाराच्या हाती येईल, तेव्हा प्रागमधील त्या थेंबाचे ऋण कोकणालाही मान्य करावे लागेल.