धनंजयराव गाडगीळ

सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांचा मोठा जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला. हाती लागतील तेवढे कर्जरोखे आणि वह्या त्या जमावाने पेटवून दिल्या. हे लोण पाहता पाहता नगर जिल्ह्यातही पसरले. ज्या कागदांवर आपण अंगठा उठवला आहे त्यांत काय लिहिले आहे, हे त्यांतील बहुतेकांना वाचता येत नव्हते. घेतले किती, फेडले किती आणि उरले किती, हे सांगणारी वही सावकाराच्या घरी असे. कागद जळाले, परंतु कर्ज काही गेले नाही. पुढे पाऊणशे वर्षांनी त्याच मुलखातील शेतकऱ्यांनी हिशेबाची वही स्वतःच्या हाती घेतली आणि आपल्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. या कामी एका थोर अर्थशास्त्रज्ञाने त्यांना साथ दिली. त्यांचे नाव धनंजय रामचंद्र गाडगीळ.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे बालपण व शालेय शिक्षण मात्र नागपुरास झाले. वऱ्हाड-नागपूरचा तो मुलूख कापसाचा. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले व केंब्रिज विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. हिंदुस्थानातील उद्योगधंदे कसकसे बदलत गेले, या विषयावर त्यांनी तेथे प्रबंध लिहिला. तो १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे कित्येक वर्षे तो ग्रंथ महाविद्यालयांतून अभ्यासिला जात असे.

स्वदेशी परतल्यावर काही काळ सरकारी नोकरी आणि नंतर पाच वर्षे सुरत येथील महाविद्यालयाचे प्राचार्यपद, असा त्यांचा क्रम झाला. सन १९३० मध्ये पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. रावबहादूर काळे यांनी तिच्यासाठी मोठी देणगी दिली होती. या संस्थेचे पहिले संचालक म्हणून धनंजयरावांची निवड झाली आणि सन १९६६ पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली.

त्या काळी अर्थशास्त्र हा विषय बहुधा परदेशी ग्रंथांवरून शिकविला जाई. धनंजयरावांनी आपल्या सहकाऱ्यांना बाजारात, शेतात आणि लोकांच्या घरी पाठविले. पुण्याच्या बाजारात येणारी फळे बागेतून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत कोणाकोणाच्या हातून जातात, याची पाहणी त्यांच्या संस्थेने केली. तिचा अहवाल १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाई तालुक्यातील शेतकऱ्यांच्या शेतीचा जमाखर्च मांडण्यात आला. पुणे शहरातील कुटुंबे काय काम करतात आणि कशी राहतात, हेही घरोघर विचारून नोंदविण्यात आले. पिकाला बियाणे, खत, मजुरी, बैलांचा चारा यांपायी काय खर्च येतो, हे शेतकऱ्याला अंदाजाने ठाऊक असे. पण ते कागदावर उतरलेले नसे. स्वतःच्या घरातील माणसांनी केलेल्या श्रमांचे मोल तर कोणीच धरीत नसे. ते धरले म्हणजे नफ्याची वाटणारी शेती कित्येकदा तोट्याची निघे. जे मोजले नाही ते सुधारता येत नाही, अशी धनंजयरावांची धारणा होती.

गोदावरी व प्रवरा या नद्यांच्या कालव्यांची पाहणीही त्यांनी केली. कालव्यांच्या पाण्यावर नगर जिल्ह्यात ऊस होऊ लागला होता. परंतु साखरेचे कारखाने खाजगी कंपन्यांचे होते. इतर शेतकरी आपल्या उसाचा गूळ करीत आणि गुळाचा भाव कोसळला की कर्जात बुडत. पाणी आले, पीक आले, तरी दारिद्र्य हटेना. यावर उपाय काय? सन १९४५ मध्ये बागायतदारांची एक परिषद भरली. तिचे अध्यक्ष धनंजयराव होते. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपला कारखाना काढावा, हा विचार तेथे पुढे आला.

विचार मांडणे सोपे; तो अमलात आणणे कठीण. लोणी गावचे विठ्ठलराव विखे पाटील हे त्या कामास पुढे सरसावले. त्यांचे शालेय शिक्षण थोडे. परंतु त्यांनी १९२३ मध्येच गावात सहकारी पतपेढी काढून चालविली होती. ते गावोगाव हिंडले व भागभांडवल जमवू लागले. कारखाना बुडाला तर आपल्या जमिनी जातील, अशी धास्ती लोकांच्या मनात होती आणि ती अनाठायी नव्हती. असा कारखाना शेतकऱ्यांनी यशस्वीपणे चालविल्याचे उदाहरण महाराष्ट्रात त्यांच्यासमोर नव्हते. तेव्हाचे मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांनीही पाठबळ दिले. शेतकऱ्यांचे भाग, सरकारी मदत आणि कर्ज यांतून भांडवल उभे राहिले. प्रवरेचा तो कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. धनंजयराव त्याचे पहिले अध्यक्ष आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष झाले. एक केंब्रिजचा पदवीधर, दुसरा थोडे शिकलेला शेतकरी. पण दोघांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास होता.

कारखाना चालू झाल्यावर खरी कसोटी लागते. वर्षअखेर पैसा हाती आला की उसाला अधिक भाव द्यावा, असे प्रत्येक सभासदास वाटणे साहजिकच असते. परंतु सगळाच पैसा वाटून टाकला, तर कर्जाचा हप्ता कोठून द्यावा? यंत्रे दरवर्षी थोडी थोडी झिजतात. ती निकामी होतील त्या दिवशी नवी घेण्यास पैसा कोठून आणावा? म्हणून दरसाल झिजेपुरती रक्कम बाजूस काढावी लागते आणि अडचणीच्या वर्षासाठी राखीव निधी ठेवावा लागतो. हे हिशेब सर्व सभासदांसमोर मांडावे लागतात, कारण सहकारी संस्थेत ज्याचे भाग अधिक त्यालाही मत एकच असते. सुमारे दहा वर्षे धनंजयरावांनी अध्यक्षपद सांभाळले. कारखान्याने मूळ धरले आणि त्याच्या मागोमाग महाराष्ट्रात अनेक सहकारी कारखाने निघाले.

सन १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या वतीने ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी झाली. तिचे काम पाहणाऱ्या समितीत धनंजयराव होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत जाऊन सव्वा लाखाहून अधिक कुटुंबांची माहिती गोळा करण्यात आली. शेतकरी जेवढे कर्ज काढतात, त्यापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारे कर्ज शेकडा तीन एवढेच आहे आणि बहुतेक कर्ज सावकारांचेच आहे, असे दिसून आले.

याचा अर्थ नीट समजावा म्हणून आपण एक उदाहरण घेऊ. रिसोडजवळच्या एका शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी शंभर रुपये कर्ज काढले, अशी कल्पना करा. व्याज दरसाल दरशेकडा चोवीस. सहा महिन्यांनी पीक निघाले, तेव्हा व्याजाचे बारा रुपये झाले. त्याची ज्वारी झाली दहा मण. बाजारात मणाला पंधरा रुपये भाव होता. पण कर्ज देणारा तोच माल घेणारा असल्यामुळे त्याने बारा रुपयेच भाव दिला. म्हणजे भावात तीस रुपये गेले आणि व्याजात बारा. आता हेच कर्ज त्याला पतपेढीतून सहा टक्क्यांनी मिळाले, तर व्याजाचे नऊ रुपये वाचतील. परंतु ज्वारी त्याच व्यापाऱ्याला पडत्या भावाने विकावी लागली, तर तीस रुपयांची खोट तशीच राहील! म्हणूनच स्वस्त कर्ज देऊन भागत नाही; कर्ज, मालाची विक्री आणि मालावरील प्रक्रिया यांची सांगड घातली पाहिजे, अशी शिफारस त्या समितीने १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात केली.

सन १९६७ मध्ये धनंजयराव नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राकडून राज्यांना मिळणारी मदत कोणत्या नियमाने वाटावी, हा प्रश्न त्या वेळी वादाचा होता. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांच्या गरजा प्रथम भागवून उरलेल्या दर शंभर रुपयांपैकी साठ रुपये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावेत, असे ठरले. उरलेल्या चाळीसांपैकी दहा रुपये दरडोई उत्पन्न कमी असणाऱ्या राज्यांसाठी, दहा कर गोळा करण्याच्या प्रयत्नांसाठी, दहा चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज योजनांसाठी आणि दहा विशेष अडचणींसाठी ठेवण्यात आले. ही रीत १९६९ मध्ये मान्य झाली व गाडगीळ सूत्र म्हणून प्रसिद्धी पावली. वशिल्याच्या जागी तिने नियम आणला.

आयोगाचे काम सोडून दिल्लीहून पुण्याकडे परतत असताना ३ मे १९७१ रोजी धनंजयरावांचा अंत झाला.

पुढील काळात हिशेबाची शिस्त सुटल्यामुळे काही सहकारी संस्था बुडाल्या, तर ज्यांनी ती पाळली त्या टिकल्या. आज वाशीम जिल्ह्यातील गावांमध्येही स्त्रियांचे बचत गट आहेत. दर महिन्यास वर्गणी जमते, गरजवंत बाईला कर्ज मिळते आणि जमाखर्च सर्वांसमोर वाचला जातो. सन १८७५ मध्ये शेतकऱ्यांना जी वही जाळावीशी वाटली, ती आज गावातील स्त्रिया स्वतःच्या हातांनी लिहितात. वही उघडी असली आणि ती सर्वांना वाचता आली, म्हणजे ती गरिबाचे रक्षण करते, ही धनंजयरावांच्या आयुष्यातून मिळणारी शिकवण होय.