पोलादी कोठडीतील शास्त्रज्ञ

शास्त्रज्ञ म्हटला की सूक्ष्मदर्शकातून पाहणारा मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु स्वतःच्या देहालाच प्रयोगशाळा करणारे शास्त्रज्ञही होऊन गेले. जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांपैकी एक होत.

हॉल्डेन यांचा जन्म इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे ५ नोव्हेंबर १८९२ रोजी झाला. त्यांचे वडील श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक होते. खाणीतील घातक वायूंचा शोध घेण्यासाठी ते स्वतः खाणीत उतरत व मुलालाही सोबत नेत. १९०६ साली स्कॉटलंडच्या समुद्रात त्यांचे पाणबुड्यांसंबंधीचे प्रयोग चालू होते. त्या वेळी तेरा वर्षांचा हा मुलगा पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात उतरला. सैल पोशाखात पाणी शिरू लागले, तरी त्याने धीर सोडला नाही.

१ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात बुडाली व ९९ माणसे प्राणांस मुकली. मृतांत जहाजबांधणीचे अनेक कामगार होते. त्यांच्या मृत्यूचे कारण शोधण्यासाठी हॉल्डेन चार सोबत्यांसह पोलादी कोठडीत बंद होऊन बसले. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड जसजसा साचत गेला, तसतसा त्यांचा श्वास जड झाला व मस्तक ठणकू लागले. कोंडलेल्या हवेत माणूस कसा हतबल होतो, हे त्यांनी स्वतः अनुभवले.

पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांनी दाबाखालील हवेचा अभ्यास हाती घेतला. खोल पाण्यात पाणबुड्याला सभोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा श्वासावाटे घ्यावी लागते. अशा हवेतील नत्रवायू बुद्धीला गुंगी आणतो. ज्या प्राणवायूवर आपण जगतो, तोच अधिक दाबाखाली फार वेळ घेतला तर फुप्फुसांचा दाह करतो व शरीराला झटके आणतो. वर येताना श्वास रोखून धरल्यास प्रसरण पावणाऱ्या हवेने फुप्फुसे फाटण्याचे भय असते. मनुष्यदेह हे कोठवर सोसू शकतो, हे कोणी तरी सोसूनच ठरवावे लागणार होते. म्हणून हॉल्डेन व डॉ. हेलन स्पर्वे आदी त्यांचे सहकारी पुनःपुन्हा त्या कोठडीत शिरले. एकदा झटका येऊन हॉल्डेन यांच्या पाठीचे मणके चेपले गेले. तरीही त्यांनी काम थांबविले नाही.

१९५७ साली ते भारतात आले व पुढे भारताचे नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयास अभ्यासासाठी देण्यात आला.

दुसऱ्याला संकटात पाठविण्यापूर्वी ते संकट स्वतः अंगावर घ्यावे, हा धडा हॉल्डेन यांनी आपल्या आचरणाने घालून दिला.