जॉन पोस्टेल : इंटरनेटची नोंदवही सांभाळणारा माणूस



वर्गाच्या ग्रुपवर रोज एखादी तरी लिंक येऊन पडते. कधी शिष्यवृत्तीच्या फॉर्मची, कधी निकालाची, कधी फुकट लॅपटॉपची. ती उघडायची की नाही हे कशावरून ठरवायचं? बऱ्याच जणांचं उत्तर असतं, नाव ओळखीचं दिसलं म्हणून. पण लिंकमधलं नाव नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? हे नियम ज्यांच्या देखरेखीखाली घडले, त्या जॉन पोस्टेल यांची ओळख आज करून घेऊया. मुलांना संगणक शिकवताना ही गोष्ट नक्की सांगण्यासारखी आहे.

बालपण आणि शिक्षण

जॉन पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, अल्टाडेना येथे झाला. व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये ते शिकले. विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. पुढे हे तिघेही इंटरनेटच्या उभारणीत एकत्र आले. एका शाळेने जगाला केवढी मोठी देणगी दिली बघा!

पोस्टेल यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. याच विद्यापीठातून २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेट या जाळ्यावरचा पहिला संदेश गेला. त्या कामाच्या गटात विद्यार्थीदशेतले पोस्टेलही होते. लांब दाढी, पायात सँडल आणि मितभाषी स्वभाव, अशी त्यांची ओळख शेवटपर्यंत राहिली.

नोंदवहीचे काम

आपल्या शाळेतलं जनरल रजिस्टर आठवा. प्रत्येक मुलाला एक नंबर, आणि तो नंबर पुन्हा दुसऱ्या कुणाला नाही. काम कंटाळवाणं वाटतं, पण दोन मुलांना एकच नंबर पडला तर दाखल्यापासून निकालापर्यंत सगळा घोळ होतो. हो ना?

अर्पानेटवरही तेच होतं. कोणत्या सेवेला कोणता क्रमांक द्यायचा, हे कुणीतरी एकाने सांभाळायला हवं होतं. पोस्टेल यांनी १९७२ मध्ये तसं सुचवलं आणि ती जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली. सुरुवातीला हे काम साध्या वहीवर चालत असे. याच परंपरेतून आज वेबला ८० आणि ई-मेल पाठवण्याला २५ हे क्रमांक आहेत.

दुसरं काम म्हणजे आरएफसी या तांत्रिक टिपणांचं संपादन. क्रॉकर यांनी १९६९ मध्ये ही मालिका सुरू केली आणि पोस्टेल यांनी ती जवळजवळ तीस वर्षं सांभाळली. १९७७ पासून ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फॉर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये होते. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपी आणि टीसीपी या नियमांचे संपादक तेच होते. आपण ज्याला आयपी ॲड्रेस म्हणतो, तो चार आकड्यांचा पत्ता त्यातच आहे. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला, मध्ये टिंब. असे एकूण सुमारे ४३० कोटी पत्ते होतात.

नाव वेगळे, पत्ता वेगळा

माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नाव राहतं. म्हणून यंत्रांना नावं दिली गेली. आधी सगळ्या नावांची एकच यादी होती. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे आणि प्रत्येक यंत्र ती उतरवून घेत असे. यंत्रं वाढली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली.

तेव्हा पोस्टेल यांनी आपले सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे हा प्रश्न सोपवला. १९८३ मध्ये डोमेन नेम सिस्टीम तयार झाली. नावाचे टिंबांनी तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याची जबाबदारी वेगळ्या संस्थेकडे द्यायची. १९८४ मध्ये पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी डॉट कॉम, डॉट एज्यु, डॉट ऑर्ग अशा वरच्या नावांची रचना मांडली. देशांसाठी दोन अक्षरी संकेत घेतले. कोणता प्रदेश देश मानायचा, या वादात पोस्टेल पडले नाहीत. आयएसओची तयार यादी त्यांनी वापरली. भारताचं डॉट इन १९८९ मध्ये आलं. पुढे काही वर्षं त्याखालची नावं मुंबईतल्या एनसीएसटी या संस्थेकडे नोंदवली जात.

कोड लिंक कशी तपासतो?

आठवी-नववीची मुलं पायथॉन शिकत असतील तर हा चांगला प्रकल्प होईल. पायऱ्या अशा :

१. लिंकमधून यजमान यंत्राचं नाव, म्हणजे होस्टनेम, वेगळं काढा. दोन तिरक्या रेघांनंतर ते पुढच्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्या. त्यात ॲट हे चिन्ह असेल तर चिन्हाच्या आधीचं सगळं सोडून द्या. ते होस्टनेम नसतं. शेवटी विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं आणि आकडा असेल तर तो पोर्ट क्रमांक, तोही बाजूला. हे हाताने करण्यापेक्षा पायथॉनमधलं युआरएलपार्स हे तयार फंक्शन वापरा.

२. नावाचे टिंबांवर तुकडे करा. प्रत्येक तुकडा १ ते ६३ अक्षरांचा, पूर्ण नाव २५३ अक्षरांच्या आत. तुकड्यात फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि आडवी रेघ चालते. ही रेघ तुकड्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही.

३. नावाच्या जागी चार आकडे असतील तर प्रत्येक आकडा २५५ पर्यंतच आहे ना, ते पाहा. इथे फसगत होते. १२७.०.०.१ हा पत्ता काही प्रोग्रॅम २१३०७०६४३३ असा एकसंध लिहिला तरी ओळखतात. पहिल्या आकड्याआधी शून्य लावून ०१७७.०.०.१ लिहिलं तरी काही जण तोच पत्ता समजतात, कारण शून्यामुळे तो आकडा आठच्या पायात वाचला जातो. आपल्या कोडने असं लिखाण सरळ नाकारावं.

४. नाव आपल्या विश्वासाच्या यादीतलं आहे का, हे उजवीकडून पाहा. समजा आपली यादी म्हणते उदाहरण.कॉम. मग उदाहरण.कॉम.भलतेच.नेट हे नाव आपलं नाही, कारण मालकी उजवीकडच्या तुकड्यांवरून ठरते. नावात आपला शब्द कुठेतरी सापडला म्हणजे झालं, असं तपासणारा कोड इथेच फसतो. भलतेउदाहरण.कॉम हेही आपलं नव्हे. आपल्या नावाच्या आधी टिंब तरी हवं, किंवा काहीच नको.

देवनागरी नावांचं काय? डॉट भारत २०१४ पासून मिळतं. पण आत ते इंग्रजी अक्षरांच्या संकेतात बदललं जातं. म्हणून आधी ते रूपांतर करायचं, मग दुसऱ्या पायरीचे नियम लावायचे.

उदारपणाची किंमत

पोस्टेल यांनी १९८० च्या सुमारास एक तत्त्व मांडलं. पाठवताना स्वतः काटेकोर राहा, दुसऱ्याकडून येणाऱ्या मजकुराबाबत उदार राहा, असा त्याचा आशय. वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली यंत्रं एकमेकांशी बोलू लागली, त्यात या समजूतदारपणाचा मोठा वाटा आहे. पण तेव्हाचं जाळं लहान होतं, माणसं एकमेकांना ओळखत होती. आज तिसऱ्या पायरीत पाहिलेला विचित्र पत्ता समजून घेणारा प्रोग्रॅम उदारच आहे, आणि ठग नेमका त्याचाच फायदा घेतो. म्हणून लिंक तपासताना आता काटेकोरपणाच हवा.

अखेरचे वर्ष

१९९८ पर्यंत नावांमागे पैसा आणि राजकारण दोन्ही आलं होतं. नोंदवही कुणाची, हा वाद पेटला होता. २८ जानेवारीला पोस्टेल यांनी वरच्या नावांची मूळ यादी ठेवणाऱ्या आठ सर्व्हरच्या चालकांना कळवलं, की यादी आता माझ्याकडून घ्या. त्यांनी लगेच तसं केलं. आदेश देण्याचा कायदेशीर अधिकार फारसा नव्हता. तीस वर्षांचा विश्वास होता. अमेरिकी सरकारने हरकत घेतल्यावर काही दिवसांतच सगळं पूर्ववत झालं. पोस्टेल यांनी तो एक प्रयोग होता असं सांगितलं. एकाच माणसाच्या शब्दावर एवढं अवलंबून राहावं का, हा प्रश्न मात्र जगापुढे उघडा पडला.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर या कामासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे पोस्टेल यांचं निधन झालं. वय फक्त ५५. ज्या टिपणांचं त्यांनी आयुष्यभर संपादन केलं, त्याच आरएफसी मालिकेत मित्र विंट सर्फ यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. तिचा क्रमांक २४६८.

मुलांना काय सांगाल?

कोड नावाचा आकार तपासतो, नियत तपासत नाही. सगळ्या पायऱ्या पार केलेली लिंकही खोट्या माणसाची असू शकते, कारण नियमात बसणारं नाव कुणीही विकत घेऊ शकतं. म्हणून शेवटची पायरी माणसाचीच. हे नाव खरंच त्या संस्थेचं आहे का, हे लिंक पाठवणाऱ्याला नव्हे, तर त्या संस्थेला विचारून पाहायचं.

वर्गात एक कृती घेऊन बघा. फळ्यावर पाच लिंका लिहा, काही खऱ्या, काही बनावट. मुलांना प्रत्येकीचं होस्टनेम अधोरेखित करायला सांगा आणि ते उजवीकडून वाचायला लावा. घरी जाऊन हेच आजी-आजोबांना शिकवायचं, एवढाच गृहपाठ द्या.